हिरवे रविवार

चर्चच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण वर्ज्य आणि पापलेट चालते, हा नियम ज्यांनी घालून दिला ते कोकणात कधी आले नसावेत. मध्ययुगीन युरोपात मांस हे मेजवानीचे अन्न होते, खारवलेला मासा त्यामानाने साधा. तिथे शुक्रवारी मांस सोडून मासा खाणे म्हणजे ताटातले काहीतरी खरोखर कमी करणे. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर ताज्या पापलेटाचा भाव ऐकला की कोंबडी स्वस्त वाटते. तिथे हाच नियम अक्षरशः पाळला, तर उपवासाच्या दिवशी ताट उलट भारी होते. नियम मोडलेला नसतो, फक्त त्यातला उपवास निघून गेलेला असतो.

यावर एक म्हणणे असे की, चर्चचे हे सगळे पंचांगच परक्या मुलखातून आलेले आहे, ते कशाला ओढत बसायचे? दुसरे म्हणणे असे की, नियम तो नियम, चिकित्सा नको. माझे दोन्हींशी जमत नाही. चर्चचे पंचांग परमुलखातून आले हे खरे, पण इथल्या मातीत काही ठिकाणी ते असे रुजले आहे की मूळ मुलखातही त्याला तेवढा अर्थ नसेल. जिथे ते रुजले नाही, तिथे दोष पंचांगाचा कमी आणि आपल्या आळसाचा जास्त.

रोजच्या जगण्यात ख्रिस्ती अर्थ शोधा, असे प्रवचनांतून वारंवार सांगितले जाते. या उपदेशाबद्दल मला थोडा संशय आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ बहुधा असा होतो, की घडेल त्या गोष्टीतून काहीतरी बोध पिळून काढायचा. लोकल चुकली, देवाने थांबायला शिकवले. आजारपण आले, देवाने नम्र केले. इथवर हे निरुपद्रवी आहे. पण ज्या बाईचा तरुण मुलगा गेला, तिच्या ओट्यावर बसून ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ असे सांगणारे जेव्हा भेटतात, तेव्हा या सवयीतला निर्दयपणा उघडा पडतो. प्रत्येक घटनेचा अर्थ ताबडतोब सांगता आला पाहिजे ही घाई श्रद्धेची नसते. गप्प बसता न येणाऱ्याची असते.

पंचांगाची रीत वेगळी. ते घटनेचा अर्थ विचारत नाही, आधी वेळ नेमून देते. आज राखेचा बुधवार आहे, कपाळ पुढे कर. आज झावळ्यांचा रविवार आहे, झावळी हातात घे. तुझ्या मनात काय चालले आहे, आज तुला पश्चात्ताप वाटतो की नाही, हा प्रश्न नंतरचा. एकादशी करणारा वारकरी सकाळी उठून आज आपल्याला भक्ती दाटून आली आहे का, हे तपासत नाही. तिथी आली की उपास धरतो. ज्याला हे यांत्रिक वाटते त्याने स्वतःच्या मनाचा भरवसा किती टिकतो हे एकदा प्रामाणिकपणे मोजावे. मनाला वाटेल तेव्हाच प्रार्थना करायची ठरवली, तर वर्षातले बरेच महिने कोरडे जातील.

शिवाय हे पंचांग भोळेभाबडे नाही. नाताळचेच पाहा. बाजाराच्या हिशेबात नाताळ १ डिसेंबरच्या आधीच सुरू होतो आणि २५ तारखेच्या रात्री संपतो. चर्चच्या हिशेबात २५ला तो सुरू होतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे, जांभळ्या वस्त्रांचे. आणि सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, काय येते? दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनाचा स्मरणदिन. २८ला हेरोदाने कापून काढलेल्या बाळांचा. गोठ्यातली गवताची गादी अजून ताजी असताना पंचांग आपल्यासमोर प्रेते आणून ठेवते. ज्या घरात नाताळच्या आठवड्यात कोणी दगावले आहे, त्या घराला बाहेरचा रोषणाईचा सण परका वाटतो. पण चर्चच्या सणात त्या घरासाठी जागा आधीच राखून ठेवलेली असते. हे ज्यांनी रचले त्यांना घराघरात काय चालते याची जाण होती. आपण मात्र २६ तारखेला नाताळात तळायच्या फुग्यांचे उरलेले पीठ संपवण्यात आणि ३१च्या पार्टीच्या तयारीत असतो. स्तेफनाची मिस्सा चार म्हाताऱ्यांसाठी उरते.

आता या सगळ्याला ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच एक जबरदस्त आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पौलाने गलतीकरांना लिहिताना दिवस, महिने, ऋतू, वर्षे पाळत बसल्याबद्दल फटकारले आहे. रोमकरांना लिहिताना तो थोडा मवाळ होतो: कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करावी. प्युरिटन या कट्टर प्रोटेस्टंट लोकांनी पहिले पत्र अधिक मनावर घेतले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. तो १६८१पर्यंत टिकला. त्यांचे म्हणणे साधे होते. ख्रिस्ताने काळ एकदाच पवित्र केला. आता रविवार सोडला तर सगळे दिवस सारखेच देवाचे, मग काही दिवसांवर टिळा कशाला?

हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले. पुढे १८३१पासून त्यांचे काम नगरला उभे राहिले आणि त्यातून मराठी प्रोटेस्टंट समाजाची एक मोठी शाखा घडली. ना. वा. टिळक याच मिशनच्या वर्तुळातले. त्यांनी मंडळीला भजन आणि कीर्तन दिले, उपासनेची भाषा मराठी मातीची केली. पण आगमनकाळ, राखेचा बुधवार यांना त्या मूळ घराण्यात जागाच नव्हती. अँग्लिकन मंडळ्यांत ती होती. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि ज्यांच्या पूर्वजांनी सणांवर दंड बसवला होता ते आणि ज्यांच्याकडे प्रत्येक रविवारला नाव होते ते, एका छपराखाली आले. त्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता, म्हणजे चर्चच्या वर्षाचा पाडवा.

प्युरिटनांच्या म्हणण्यात सत्य आहे. सगळे दिवस देवाचे, हे कोण नाकारील? माझा प्रश्न एवढाच की, सगळे दिवस सारखे मानणाऱ्याच्या घरात वर्षाला आकार कोण देतो? काळ कधी मोकळा राहत नाही. चर्चचे पंचांग भिंतीवरून काढले की तिथे दुसरे कोणीतरी आपले पंचांग लावते: शाळेच्या परीक्षा, कंपनीचे तिमाही हिशेब, आयपीएल, सेलचे दिवस. २०२४ साली राखेचा बुधवार आणि व्हॅलेंटाइन डे एकाच दिवशी, १४ फेब्रुवारीला आले. त्या दिवशी विरार लोकलमध्ये कपाळावर राखेचा क्रूस आणि हातात गुलाब, असे कोणी दिसले असेल तर त्यात हसण्यासारखे काही नाही. दोन पंचांगे एका शरीरावर हक्क सांगत होती, एवढेच. माणूस कोणते ना कोणते पंचांग पाळतोच; आपण कोणते पाळतो हे त्याला ठाऊक असावे.

राहिला परकेपणाचा मुद्दा. इथे मला गोव्याचा सांजांव फार बोलका वाटतो. योहान बाप्तिस्त्याचा जन्मदिन २४ जून. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेकडे येतो तेव्हा अलिशिबेला सहावा महिना लागलेला असतो. म्हणून नाताळच्या सहा महिने आधी योहानाचा सण. युरोपात हा काळ वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा, तिथे या रात्री होळ्या पेटवतात. याच सुमारास तिथला दिवस लहान व्हायला लागतो. तो वाढावा आणि मी कमी व्हावे, या अर्थाचे जे योहान ख्रिस्ताबद्दल बोलला, ते तिथले धर्मपंडित सूर्यातच वाचत. गोव्यात जूनच्या अखेरीस सूर्य दिसला तर नशीब. गोवेकरांनी काय केले? आग सोडून दिली आणि पाणी धरले. पावसाने विहिरी तुडुंब होतात, डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून पोरे त्यांत उड्या मारतात, आणि या उडीला अर्थ आहे: मरिया भेटायला आली तेव्हा अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली होती. सण तोच, तारीख तीच, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या संताला आगीपेक्षा पाणी जास्त शोभते हे सांगायला पंडित लागत नाही.

राय गावची कथा तर याहून मजेची. तिथले चर्च हिमाच्या मातेचे. रोममध्ये एका ऑगस्टमध्ये टेकडीवर बर्फ पडले आणि त्या जागी मरियेचे मंदिर उभे राहिले, अशी दंतकथा. तिचा सण ५ ऑगस्ट. सासष्टीतल्या ज्या गावाने बर्फ कधी पाहिले नाही, त्याने हा दिवस कणसांच्या फेस्ताचा केला. नव्या भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आणतात, त्यांना आशीर्वाद मिळतो. कुठे रोमची टेकडी, कुठे पावसात भिजलेले भात! पण दंतकथेचा गाभा अवेळी आलेली कृपा हा असेल, तर भर पावसाळ्यात पहिले कणीस हाती येणे हे त्याच गोष्टीचे सासष्टीतले रूप मानायला माझी हरकत नाही.

ईस्टरची तारीख तर मुळातच आपल्या ओळखीच्या हिशेबाने ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे पवित्र सप्ताह फाल्गुन नाही तर चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे येतो. होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या शेजारी. २०१९ साली गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला होती. ज्यांना हे पंचांग विलायती वाटते त्यांनी त्या आठवड्यात रात्री अंगणात येऊन वर पाहावे.

एवढे सगळे सण सांगून झाले, तरी मला ज्या काळाबद्दल बोलायचे आहे तो सणांचा नाहीच. आगमन, नाताळ, उपवास, पुनरुत्थान हे सगळे जमेला धरले तरी वर्षातले ३३-३४ आठवडे उरतात. त्यांना चर्च सामान्य काळ म्हणते. थोडे आठवडे नाताळानंतर येतात; उरलेला मोठा भाग पेन्टेकॉस्टनंतर सुरू होऊन नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. पेन्टेकॉस्ट १० मे ते १३ जूनच्या दरम्यान येतो, आणि मुंबई-वसईला पाऊस साधारण १०-११ जूनला. त्यामुळे आपल्याकडे या काळाची आणि पावसाळ्याची सुरुवात जवळपास हातात हात घालून होते. फादरांच्या अंगावर हिरवे वस्त्र चढते आणि आठ-पंधरा दिवसांत बाहेरची जमीनही तोच रंग घेते. हा योगायोग आहे हे मला कळते. तरी तो वाया घालवण्यासारखा नाही.

या काळाला नाट्य नाही. पंचविसावा रविवार लक्षात ठेवून कोणी नवे कपडे शिवत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणणे चाललेले. शेतावर आवणीची धांदल. शाळा सुरू, छत्र्या, ओले कपडे, ताप. माणसाचे खरे आयुष्य या दिवसांत जाते. चर्चने या दिवसांना सण दिले नाहीत, एक पुस्तक दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९च्या आगमनकाळापासून, तीन वर्षांचे चक्र ठरले: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. या साध्या रविवारी त्यातले एक शुभवर्तमान ओळीने, सलग वाचत जायचे. कोणत्याही मोठ्या प्रसंगाविना, चाललेल्या पोथीसारखे.

मत्तयाच्या वर्षी, म्हणजे दर तीन वर्षांनी, जुलैच्या मध्याला पंधरावा रविवार येतो आणि त्या दिवशी पेरणाऱ्याचा दाखला वाचतात. बी वाटेवर पडते, खडकावर पडते, काट्यांत पडते, थोडे चांगल्या जमिनीत. पॅलेस्टाइनमध्ये गहू-सातू असा मुठीने फेकून पेरत, आणि तोही थंडीच्या तोंडावरच्या पावसात. आपल्याकडचा ऐकणारा मात्र आदल्या दिवशी गुडघाभर चिखलात वाकून भाताचे एकेक रोप हाताने लावून आलेला असतो. आवणीत वाटेवर काही पडत नाही. रोप मोजून आणलेले, मुठी बांधलेल्या, कमी पडले तर शेजाऱ्याकडून मागायचे. अशा माणसाला हा पेरणारा काय वाटेल? वेडा, उधळ्या, नाही तर बापाची जमीन फुकट मिळालेला! प्रवचनात हमखास विचारतात, तुम्ही कोणती जमीन आहात? काटेरी की खडकाळ? मला वाटते, कंबर धरलेल्या त्या शेतकऱ्याचा प्रश्न जास्त मोलाचा आहे: हा बी एवढे का उधळतो? जिथे उगवणार नाही हे दिसते आहे तिथेही का टाकतो? दाखल्यातल्या देवाचा स्वभाव या प्रश्नात जेवढा सापडतो, तेवढा जमिनीच्या वर्गवारीत सापडत नाही. आणि हा प्रश्न जुलैत, चिखलाच्या हातांनाच सुचतो.

असेच सप्टेंबरच्या उत्तरार्धातल्या त्या पंचविसाव्या रविवारचे. त्याच मत्तयाच्या वर्षी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला येतो. संध्याकाळ होत आली तरी चौकात उभे असलेले मजूर. का उभे आहात, तर कोणी कामावर घेतले नाही. वसई-नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला हा चौक शोधायला यरुशलेमला जावे लागत नाही. सकाळी चर्चला जाताना मजूर नाक्यावरून रिक्षा जाते. रविवार असला तरी माणसे उभी असतात, हातात थापी, घमेले, रंगाचा ब्रश. शेवटी आलेल्यालाही पूर्ण रोज मिळतो हे ऐकून आपल्याला जो अन्याय वाटतो, तो नाक्यावर दुपारी एकपर्यंत उभा राहिलेल्याला वाटेल का? रोजच्या जगण्यातला ख्रिस्ती अर्थ मी म्हणतो तो हा. रिक्षातून दिसलेल्या माणसावर बोध चिकटवायचा नाही. नेमलेल्या रविवारी नेमलेला पाठ ऐकायचा आणि मग परत येताना नाका नीट बघायचा. आणखी तीन वर्षांनी तोच पाठ पुन्हा येईल. तोवर आपण कुठे उभे असू, सांगता येत नाही.

म्हणूनच आगेरा या नव्या भाताच्या सणाची काळजी वाटते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत भाताच्या पेंढ्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. ज्या गावठाणांभोवती आता एकही खाचर उरलेले नाही, तिथेही हा सण होतो; भात बाहेरून आणावे लागते. काही जण याला नाटक म्हणतात. मी म्हणणार नाही. जमीन गेली याची आठवण वर्षातून एकदा हातात धरायला लावणारा दुसरा विधी शहराकडे नाही. पण मिस्सेनंतर फोटो आणि जेवण एवढ्यावर तो थांबला, तर पापलेटाच्या शुक्रवारसारखीच त्याची गत होईल.

उपाय नवा शोधायला नको, जुनाच पडून आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिएन गावी बिशप मामर्टस यांनी स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस संकटनिवारणासाठी प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या; पुढे त्या पिकांसाठी शिवारातून निघू लागल्या. १९६९च्या सुधारणेत या दिवसांच्या तारखा रोमने मोकळ्या सोडल्या: प्रत्येक देशाच्या बिशपांनी आपापल्या गरजा, आपापले ऋतू पाहून ते ठरवावेत. ही मोकळीक अर्ध्या शतकाहून जास्त काळ हातात आहे. मृगाच्या पावसाच्या तोंडावर एक दिवस, १ ऑगस्टला होड्या पाण्यात जाताना एक, भात पोटरीला येताना एक, असे पश्चिम किनाऱ्याचे स्वतःचे प्रार्थनादिवस का नसावेत? नगरकडच्या मंडळ्यांना हे दिवस वेगळे लागतील, कारण त्यांचा पाऊस वेगळा, ज्वारी वेगळी. त्यांचा हंगामाचा सण त्यांच्याकडे आहेच, त्याला जोडून त्यांनी ठरवावेत.

यावर धर्मगुरूंचे उत्तर मला ऐकू येते आहे: जूनमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी, पावसात कोण येणार? लोकल उशिरा, माणसे दमलेली. बरोबर आहे. मग वेगळा दिवस नको, हिरव्या रविवारच्याच मिस्सेत जी सामुदायिक प्रार्थना असते तिच्यातली गोल गोल वाक्ये बदला. ‘जगातल्या सर्व गरजूंसाठी’ हे वाक्य कोणालाच टोचत नाही. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरी, शेते, झाडे यांची नावे घेऊन बोलायचे धाडस दाखवले होते, तेही बिल्डरांच्या ऐन बहराच्या काळात. आज वसई-विरारच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणात सूर्या नदीचे आहे, आणि ते शहरांकडे वळवायला डहाणू-पालघरकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केलेला आहे. जुलैतल्या एखाद्या रविवारी प्रार्थनेत सूर्या नदीचे नाव घ्या, त्या शेतकऱ्यांचे घ्या, आणि त्यानंतर प्रवचनात पेरणाऱ्याबद्दल काय बोलायचे ते बोला.